पत्र्याखालची जागा

चौथी चिठ्ठी घागरीतून बाहेर आली तेव्हा आनंदराज सरवदे यांनी ती उघडण्याआधी गालाला लावून पाहिली. चिठ्ठी गार होती. एप्रिलमधली लातूरची दुपार, मांजरा फुटबॉल क्लबच्या खोलीतला पंखा वीज गेल्यामुळे थांबलेला, स्टीलची घागर कोमट, आणि तिच्यातला कागद मात्र गार. सरवदे सर कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत. एका भांड्यात पुरेसा वेळ राहिलेल्या वस्तूंचे तापमान सारखे होते, हे ते दरवर्षी अकरावीच्या मुलांना सांगत. या घागरीत तो नियम मोडला होता.

त्यांनी चिठ्ठी उघडली. आत क्लबचे अध्यक्ष माणिकप्पा यांच्या मेहुण्याचे नाव होते. त्याआधीच्या तीन चिठ्ठ्या स्वतः माणिकप्पा, त्यांच्या पत्नी आणि त्यांचा नातू यांच्या निघाल्या होत्या. नातवाला अजून दात यायचे होते. पण तो क्लबचा रीतसर सदस्य होता.

"ही चिठ्ठी फ्रिजमध्ये ठेवली होती," सर म्हणाले.

घागरीत हात घालून बसलेले सचिव बसलिंगप्पा जराही गडबडले नाहीत. कापड दुकानाच्या गादीवर त्यांची तीस वर्षे गेली होती. कापड आटले म्हणून भांडायला आलेल्या गिऱ्हाइकाला दुसरे कापड विकण्याची त्यांना सवय होती.

"उन्हाळा हाय सर. भाएर ठिवल्या तर खराब होत्यात."

"कागद खराब होतो?"

"शाई."

सर उभे राहिले. चिडले की त्यांचा आवाज चढण्याऐवजी खाली येई. वाक्ये मात्र लांब आणि व्याकरणशुद्ध होत. त्यांनी उपस्थितांना सांगितले की, तळहाताने निवडलेल्या गार चिठ्ठीला सोडत म्हणणे हा गणिताचा अपमान आहे, आणि ही सोडत रद्द झाल्याशिवाय ते ही खोली सोडणार नाहीत. माणिकप्पांनी घड्याळाकडे पाहिले. त्यांच्या जेवणाची वेळ टळली होती.

"मग तुमीच करा सर सोडत," ते म्हणाले. "आमाला काय, इन्साफ झाल्याशी मतलब."

भांडण होते पत्र्याखालच्या जागांचे. मैदानाच्या पश्चिमेला सिमेंटच्या काही पायऱ्या होत्या आणि त्यांच्यावर पत्रा होता. उरलेल्या तिन्ही बाजूंना मातीचा उघडा बांध. मुलींच्या अंतिम सामन्यात लातूरची गाठ नांदेडशी होती, सामना दुपारी होता, आणि साऱ्या मैदानात सावली म्हणावी अशी तेवढीच. लातूरच्या संघात गोलरक्षक होती सरांची मुलगी लुंबिनी. तिचा खेळ पाहण्यासाठी सरांची आई, कोंडाबाई, रेणापूरहून आल्या होत्या. महिन्यापूर्वी त्यांच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते आणि डॉक्टरांनी उन्हात बसायला सक्त मनाई केली होती.

"डोळा कशाला केलाय मग माझा?" त्या आठवडाभर विचारत होत्या. "भिताडं बघाय? पोरीला येकदा उडी घेताना बघू दे."

वास्तविक हा प्रश्न उद्भवायलाच नको होता. खेळाडूंच्या घरच्यांना पत्र्याखालचे दोन पास देण्याची क्लबची जुनी रीत होती. ती गेल्या वर्षीच्या सभेत बंद पाडली गेली. 'पोटची पोर खेळते म्हणून सावली मिळणे याला वशिला म्हणतात,' असे एका सदस्याने तेव्हा ठणकावले होते. ते सदस्य सरवदे सरच होते. लुंबिनीची निवड त्यानंतर झाली.

दुसरा आधार होता ज्येष्ठतेचा. मैदानावर माणसांपेक्षा शेळ्या जास्त असत त्या काळापासून सर वर्गणी भरून सामने पाहत आले होते. पण लातूरच्या मुली अंतिम सामन्यात पोचल्या आणि साठेक सदस्यांचा क्लब आठवड्यात चारशेच्या घरात गेला. आदल्या महिन्यापर्यंत ज्यांना फुटबॉल हाताने खेळतात की पायाने याबद्दल ठाम मत नव्हते, ते देणगी देऊन 'विशेष सदस्य' झाले आणि विशेष सदस्यांना तिकिटाचा पहिला हक्क मिळाला. सर संतापले. आधी आलेल्याला आधी नाही, जास्त देणाऱ्यालाही आधी नाही. सदस्य तेवढे समान, असा त्यांनी आग्रह धरला. तो मान्य झाला. त्यामुळे विशेष सदस्यांचा हक्क गेला आणि त्याच ठरावाने सरांची ज्येष्ठताही गेली. उरली सोडत; आणि ती गार निघाली.

सरांची सोडत मात्र निर्दोष होती. बसलिंगप्पांच्या घरचे हाऊजीचे लाकडी ठोकळे त्यांनी प्रयोगशाळेच्या तराजूवर तोलले. जे जड भरले ते कानशीने घासून बाकीच्यांच्या बरोबरीला आणले. जोडीला हाऊजीचे आणखी संच आणून, संचागणिक वेगळी खूण करून प्रत्येक सदस्याला एक क्रमांक दिला. मग बसलिंगप्पांचे डोळे त्यांच्याच दुकानातल्या पंच्याने बांधले आणि एकेक ठोकळा काढायला लावला.

माणिकप्पांचा क्रमांक आला नाही. नातवाचा आला नाही, मेहुण्याचा आला नाही. प्रत्येक वेळी सरांच्या चेहऱ्यावर समाधान पसरत होते. शेवटच्या जागेचा ठोकळा निघाला तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की, त्यांचाही आलेला नाही.

"ह्यो कुनाचा?" डोळे बांधलेल्या बसलिंगप्पांनी हातातला ठोकळा पुढे करत विचारले.

"तुमचा," सर म्हणाले.

बसलिंगप्पांनी पंचा सोडला. ठोकळा उलटसुलट करून पाहिला. "मी काय केलं न्हाई हो सर. आईशपथ."

"मला माहीत आहे. मीच पाहत होतो."

"आयुष्यात पयल्यांदा बगा," बसलिंगप्पा हळू आवाजात म्हणाले, "कुनाला काय न देता, कुनाला काय न सांगता, मला कायतरी मिळालं."

घरी कोंडाबाई दारातच बसल्या होत्या. "मिळाली का जागा?"

"माय, संभाव्यतेचा विचार केला तर—"

"मिळाली का?"

"नाही. आपल्याला बांधावर बसावं लागेल. मी छत्री धरतो तुझ्यावर." एवढे बोलून सर थांबले. त्यांना काहीतरी आठवले होते. "छत्र्यांना बंदी आहे," ते म्हणाले.

"कुनी केली?"

सरांनी माठातले पाणी घेतले. मागच्या प्रेक्षकाला दिसत नाही, म्हणून छत्री ही शेजाऱ्याच्या दृष्टीवरची चोरी आहे, असा अर्ज त्यांनी दोन वर्षांपूर्वी दिला होता.

"तूच न्हवं?" कोंडाबाई म्हणाल्या. "ल्हानपनीबी असाच व्हतास. वाटनी कराय बसलास की सगळ्यास्नी सारखं जायाचं आन तुझ्या ताटात काय उरायचं न्हाई. मी माझ्यातलं देत व्हते तुला. आता मी कुठलं देऊ?"

आतून लुंबिनी म्हणाली, "पप्पा, आजी न्हाई आली तर मी कुणाला बघून खेळू? तुम्ही तर पंचाकडंच बघत बसता."

सरांना हे लागले. कारण ते खरे होते.

 झोपायला जाताना कोंडाबाईंनी विचारले, "बाकडी कसली हायती रं तिथं?"

"बाकडी नाहीत. सिमेंटच्या पायऱ्या आहेत. दर दीड फुटावर मी स्वतः रंगाने क्रमांक टाकून घेतलेत."

"म्हंजी सलग हाय," कोंडाबाई म्हणाल्या आणि पडल्या.

सामन्याच्या दिवशी सकाळी सरांना त्यांचा निळ्या चौकड्यांचा रुमाल सापडेना. पाठोपाठ आईही सापडेना. लुंबिनीचा डबा घेऊन कोंडाबाई पहाटेच तिच्याबरोबर ऑटोतून मैदानावर गेल्याचे शेजारणीने सांगितले. दुपारी सर स्वतःचे व आईचे अशी बांधावरची दोन तिकिटे आणि, विवेकबुद्धीला न विचारता, एक छत्री घेऊन फाटकापाशी पोचले. फाटकावरच्या माणसाने छत्री काढून घेतली आणि भिंतीवर चिकटवलेल्या नियमाकडे बोट दाखवले. नियमाची भाषा नेमकी होती. सरांनी ती ओळखली.

आत पत्र्याखाली जे दृश्य होते त्याचा त्यांच्या गणितात कोठेच विचार झालेला नव्हता. पायऱ्यांवर त्यांचा एकही क्रमांक दिसत नव्हता. प्रत्येक क्रमांकावर काहीतरी टाकलेले होते: रुमाल, पंचे, टोप्या, एक रिकामी पिशवी, एके ठिकाणी नुसतीच डावी चप्पल. सोडतीत जिंकलेले सदस्य क्रमांकाची तिकिटे हातात धरून बाजूला ताटकळत होते. कुरकुर भरपूर चालली होती. पण एकाही तिकीटवाल्याने एकही रुमाल उचलून बाजूला केला नव्हता. एस.टी.च्या खिडकीतून सीटवर पडलेला रुमाल ज्या मुलुखात आरक्षणाच्या तिकिटाला उभे ठेवतो, त्या मुलुखातली ही माणसे होती. तुमच्या बापजाद्यांनी तरी दुसऱ्याचा रुमाल उचलला होता का, असा भाव रुमालवाल्यांच्या तोंडावर होता.

तिसऱ्या पायरीवर, ऐन मधोमध, कोंडाबाई काळा चष्मा लावून बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी निळ्या चौकड्यांचा एक रुमाल पसरलेला होता. त्यांच्यासमोर हातात तिकीट घेऊन बसलिंगप्पा उभे होते.

"माय, ही जागा माझी हाय. नंबर बगा."

"नंबर मला वाचता येत न्हाई बाबा. तुजा रुमाल कुठाय?"

"रुमाल न्हाई, तिकीट हाय."

"तिकीट तर माझ्या लेकाजवळबी हाय. रुमाल सांग."

बसलिंगप्पांना सर दिसले आणि त्यांचा चेहरा उजळला. "या सर. तुमीच सांगा आता. काल दुकानातले समदे रुमाल खपले, तवाच माझ्या ध्यानात याय पायजे हुतं. मला वाटलं, लोकास्नी घाम लई यील. नियमानं ही जागा कुनाची?"

सरांनी बसलिंगप्पांच्या तिकिटाकडे पाहिले. मग मैदानाकडे पाहिले. हातमोजे घालून गोलपोस्टपाशी उभी असलेली लुंबिनी पत्र्याखाली कोणाला तरी शोधत होती. तिला आजी दिसली आणि तिने हात उंचावला. कोंडाबाईंनीही उंचावला.

"नियमाने," सर म्हणाले, "ती तुमची आहे." मग आईकडे न बघता ते म्हणाले, "माय, ऊठ. आपण बांधावर जाऊ."

 ज्याने आजवर डझनभर माणसांना नियमाने उठवले, तो सख्ख्या आईलाही नियमाने उठवतो आहे, हे पाहायला आजूबाजूचे लोक वळले. सर्वांत अवघडले ते बसलिंगप्पा. आयुष्यातली एकमेव सचोटीची कमाई त्यांच्या हातात होती आणि समोर डोळ्याचे ऑपरेशन झालेली म्हातारी होती.

कोंडाबाई उठल्या नाहीत. त्यांनी चौकड्यांचा रुमाल आपल्याकडे ओढला, स्वतः वीतभर सरकल्या आणि पलीकडच्या बाईला कोपराने ढोसले. "सरक ग जराशी." ती बाई सरकली, तिच्या पलीकडचा गडी सरकला, आणि ती लाट पायरीच्या टोकापर्यंत जाऊन थांबली. दीड फुटांच्या गणितात जिथे जागा शिल्लक नव्हती तिथे एका अंगाला बसलिंगप्पांची आणि दुसऱ्या अंगाला सरांची अशा दोन जागा निघाल्या. हे पाहून मागच्या पायऱ्याही सरकू लागल्या. तिकीटवाले बसले, रुमालवाले बसले.

"हे चूक आहे," सर बसता बसता म्हणाले. "तत्त्वतः चूक आहे."

"बरं," कोंडाबाई म्हणाल्या. "तत्वानं बस, पन नीट बस. लुगडं वडलं जायलंय माझं."

सर त्या रुमालावर बसले खरे, पण पहिला अर्धा तास त्यांनी खेळ पाहिला नाही. या अव्यवस्थेवर क्लबला किती पानी अर्ज द्यावा याचा ते विचार करत होते. अध्यक्ष माणिकप्पा त्यांना दिसले. ते समोरच्या बांधावर डोक्याला उपरणे गुंडाळून बसले होते. सोडतीत नंबर नाही, आणि अध्यक्षाने पहाटे येऊन रुमाल टाकणे शोभत नाही, अशा दोन्हीकडून ते उन्हात पडले होते. तेवढ्यापुरता तरी न्याय झाला, असे सरांना वाटले.

सामना संपत आला तरी गोल नव्हता. तेवढ्यात नांदेडला पेनल्टी मिळाली. ती देणे अन्यायाचे होते याबद्दल सरांना शंका नव्हती. पण आजवर प्रथमच त्यांनी पंचाकडे पाहिले नाही. त्यांनी लुंबिनीकडे पाहिले. नांदेडच्या मुलीने चेंडू उजवीकडे मारला. लुंबिनी आडवी झाली, आणि चेंडू तिच्या बोटांना लागून बाहेर गेला.

"उडी घेतली," कोंडाबाई म्हणाल्या. "बगितली मी. सबंद बगितली."

सर तेव्हा जागेवर नव्हते. ते पायऱ्या उतरून दोरीपर्यंत धावले होते आणि कोणा अनोळखी माणसाला, कोनाचे नियम सांगितल्याच्या आविर्भावात, ती उडी हाताने करून दाखवत होते. दम लागल्यावर ते परतले, तर त्यांच्या जागी माणिकप्पा बसलेले. गोंधळात बांधावरून येऊन ते सावलीत टेकले होते आणि उपरण्याने मान पुसत होते.

"अध्यक्ष, उठा," सर म्हणाले. "ही जागा माझी आहे."

माणिकप्पांनी शांतपणे वर पाहिले. सोडतीचा दिवस ते विसरले नव्हते. "तुमची कशावरून सर? तिकीट दाखवा. नंबर दाखवा."

सरांचा हात खिशाकडे गेला. खिशात बांधावरची दोन तिकिटे होती. हात तिथेच राहिला. बसलिंगप्पा सरांच्या तोंडाकडे बघत राहिले. आजूबाजूची माणसे पुन्हा वळली. संतापाने सरांचा आवाज तसाच खाली आला आणि वाक्य तसेच शुद्ध निघाले.

"तिकिटाचा प्रश्नच येतो कुठे? तुम्ही ज्यावर बसला आहात तो माझा रुमाल आहे."

माणिकप्पा अर्धवट उठले, त्यांनी खालून निळ्या चौकड्यांचा रुमाल ओढून काढला, दोन्ही बाजूंनी पाहिला आणि तो सरांच्या हातात दिला.

"मग काय बोलनंच न्हाई," ते म्हणाले, आणि सरकले.