हवामान कराचा बडग्या आणि नानाजींचा सफारी

बडग्या कसा करावा हे मला कोणी शिकवू नये. नागपूरच्या इतवारीत माझं कूलरचं दुकान आहे आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या मारबतीच्या मिरवणुकीत दरवर्षी आमच्या गल्लीचा बडग्या निघतो. वर्षभर ज्या गोष्टीने लोकांना पिडलं तिचा पुतळा करायचा, गावभर फिरवायचा, चपला हाणायच्या आणि शेवटी जाळून मोकळं व्हायचं. यंदा विषय शोधावाही लागला नाही. सरकार हवामानाचा नवा कायदा आणत होतं आणि त्यात विजेवर वेगळा कर होता. नागपुरात, जिथे मे महिन्यात कूलर बंद पडला तर माणूस आनंदाने सासुरवाडीला राहायला जातो, तिथे विजेवर कर! मी गल्लीत जाहीर करून टाकलं, "यंदाचा बडग्या माझ्यावर सोडा. सरकारले घाम नाही फुटला तर जितेंद्र नाव नाही लावणार."

सांगाडा बांबूचा केला. आत कूलरचं जुनं गवत ठासून भरलं, तोंडाला मडकं लावलं. राहिले कपडे. ते घरातलेच जुनेपाने घालतात. शामला, म्हणजे आमची सौभाग्यवती, म्हणाली, "तुमचा साखरपुड्याचा सफारी देऊन टाका ना. बटन तरी लागते का आता पोटावर?"

"लागते," मी म्हणालो. "श्वास नाही घेतला तर लागते."

आता साखरपुड्याचा सफारी कोणी जाळतं का? मी मागच्या खोलीत गेलो. दारामागच्या खिळ्याला एक कॉफी रंगाचा सफारी लटकत होता. कोपरावर विरलेला, कॉलर उसवलेली. जाळायलाच काढला असणार, असं मी परस्पर ठरवलं. आदल्या संध्याकाळी सासरे आले होते हे मला ठाऊक होतं. सासरे आले की त्यांचे कपडेही येतात, एवढं मात्र डोक्यात आलं नाही. गल्लीतल्या देवराव शिंप्याने तो सफारी बडग्याला चढवला, धक्काबुक्कीत सुटू नये म्हणून पुढून सुतळीने पक्का शिवला आणि छातीवर पाटी लावली, "हवामान कर".

दुसऱ्या दिवशी सकाळी मिरवणूक निघाली. बडग्या पुढे गेला, मी जरा मागून निघणार होतो. चपला घालतच होतो तर नानाजी समोर आले. नानाजी म्हणजे माझे सासरे. वय चौऱ्याहत्तर, राहणार सावनेर, कोळशाच्या खाणीपासून हाकेच्या अंतरावर. "कोळसा आमच्या पायाखालून काढता, राख आमच्या वाळवणावर पाडता, वीज भलतीकडे नेता, अन् कर आमीच भरायचा काहून?" असं विचारत ते दोन महिने एसटीने गावोगाव हिंडले होते. अकराशे चाळीस सह्या जमवल्या होत्या. कायद्यावरची शेवटची सुनावणी दुसऱ्याच दिवशी नागपुरात होती आणि मूळ सह्यांचे कागद हातात दिले तरच हरकत नोंदवून घेणार होते.

"जावईबापू," नानाजी म्हणाले, "माझा सफारी दिसून नाही राहिला."

मी विचारलं, "कॉफी रंगाचा?"

"हो. तीस वर्षं झाले, कचेरीच्या कामाले मी तोच घालतो."

"इस्त्रीले दिला," मी तोंडाला येईल ते बोललो.

"बरं केलं. आतल्या खिशातले कागद काढले ना पण?"

"कोणते कागद?"

"सह्याईचे."

मी धावत सुटलो. शामला मागून विचारत होती, "अवो, काहून पळून राहिले असे?" पण थांबून सांगण्यासारखं काही नव्हतं. स्कूटर काढली ती पहिल्याच वळणावर गर्दीत अडकली. तिथेच भिंतीला टेकवली आणि माणसांतून घुसत निघालो. इकडून ढोल, तिकडून ताशे, वरून गुलाल. "इडा पिडा घेऊन जाय गे मारबत" असा गजर चालला होता आणि मी एकेका बडग्याच्या छातीवरची पाटी वाचत होतो. महागाई गेली, खड्डे गेले, पेपरफुटी गेली. आमचा कर कुठेच दिसेना. जळले कागद तर नानाजींना काय तोंड दाखवू, हाच विचार डोक्यात घणासारखा वाजत होता.

शेवटी दिसला. जाळायच्या जागेपाशी पोचला होता आणि देवरावच्या हातात काडेपेटी होती.

"देवराव, थांब गा!"

"आता काय थांबतं? मुहूर्त पाह्याचा आहे काय?" म्हणत त्याने काडी ओढून पायाशी लावली. कूलरच्या गवताला आग लागायला वेळ लागत नाही, हे मी गिऱ्हाइकांना पंधरा वर्षं सांगत आलोय. मी बडग्यावर झेप घेतली, त्याला कवटाळलं आणि एका हाताने सुतळी तोडू लागलो. देवरावची शिलाई एरवी धुण्यात उसवते. आज उसवेना.

लोकांना वाटलं, कराचा कोणी सगासोयरा आला. "अरे, सरकारचा माणूस होय, खाली खेचा त्याले," कोणीतरी ओरडलं आणि बडग्यासाठी आणलेल्या चपला माझ्या पाठीत बसू लागल्या. एक पत्रकार बाई मोबाइल पुढे करून विचारत होती, "तुम्ही याला का वाचवताय?" मी धुरात खोकत ओरडलो, "जळू देऊ नका! यात हजारो लोकांचं भलं आहे!"

सुतळी तुटली. खिसा फाडून मी कागदांचं पाकीट ओढलं आणि मागे पडलो. भुवया गेल्या, शर्टाची बाही गेली. सह्यांचे कागद शाबूत होते. रस्त्यात बसून मी ते छातीशी धरले आणि खरं सांगतो, रडलो.

नानाजींना सांगितलं, सफारी इस्त्रीवाल्याने जाळला. दुसऱ्या दिवशी ते माझा साखरपुड्याचा सफारी घालून माझ्यासोबत सुनावणीला निघाले. त्यांना बटण श्वास घेऊनसुद्धा लागलं.

सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी सह्यांचे कागद मोजून घेतले, शिक्का मारला. नानाजींचा चेहरा उजळला. मग साहेबांनी फाइलीतून त्या दिवशीचं वर्तमानपत्र काढलं. पहिल्या पानावर मी होतो. बडग्याला घट्ट मिठी मारलेला, पाटी स्वच्छ वाचता येत होती. खाली छापलं होतं, "यात हजारो लोकांचं भलं आहे : कराच्या बाजूने उभा ठाकला एकटा नागपूरकर".

"हे आपणच ना?" साहेबांनी माझ्या नसलेल्या भुवयांकडे पाहत विचारलं. "फार उपकार झाले. समर्थनाचा रकाना सगळ्या विदर्भात कोरा होता हो. वर काय पाठवावं या काळजीने झोप लागत नव्हती मला."

"साहेब, ते कराचं नव्हतं, ते खिशातल्या..." मी सुरुवात केली आणि थांबलो. नानाजी चष्मा लावून फोटोतला सफारी बघत होते. मग माझ्याकडे बघितलं. तोवर साहेबांनी माझं नाव लिहूनही घेतलं.

पंधरा दिवसांनी अहवाल आला. विरोधात अकराशे चाळीस, समर्थनात एक. शेरा होता, "जनतेचा प्रतिसाद संमिश्र. प्रस्ताव पुढे नेण्यास हरकत नाही."

संध्याकाळी नानाजींचा सावनेरहून फोन आला. मी आधीच माफी मागायला लागलो. त्यांनी मध्येच थांबवलं.

"गावातले समदे विचारून राहिले जावईबापू, का हा एक माणूस कोण होय म्हणून."

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"मी सांगितलं, मी नाही ओळखत त्याले."

आणि फोन ठेवला.