पहिली मुलाखत, सगळ्यांसमोर

घरात तिला सगळे ‘चौकशी’ म्हणत. पाहुणा दारात चप्पल काढतोय तोवर तिचे चार प्रश्न विचारून झालेले असत. त्यामुळे मानसशास्त्राच्या सरांनी तिला आदिवासी वस्तीतल्या आरोग्य-संशोधनासाठी पाठवलं, तेव्हा हे काम म्हणजे आपल्या डाव्या हातचा मळ, असं तिला वाटलं. वस्तीच्या मंडळाची अट एकच होती: आधी एक मुलाखत घेऊन दाखव, मग तुला घ्यायचं की नाही ते आम्ही ठरवू.

समोर वस्तीतली आजी बसली. चौकशीने रेकॉर्डर चालू केला.

“आजी, तुमचं मन कधी जड होतं?”

“तुझं कधी होतं गं?”

समोरच्याला मोकळं करायला आधी आपण थोडं बोलावं, असं पुस्तकात होतं. ती थोडं बोलली.

“मग?” आजी म्हणाली.

हे ‘मग’ भलतंच होतं. चौकशी बोलतच सुटली. बाबांना वाटतं, मी शहरातल्या हॉस्पिटलात अर्ज केलाय. केलेलाच नाही, मला हेच काम हवंय. आमचे सर शिकवायला लागले की पंखेसुद्धा पेंगतात. “मग?” शेवटी आजीनेच तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

रेकॉर्डिंग पुसून टाकावं म्हणून चौकशी वळली, तोच मंडळाच्या अध्यक्षबाईंनी रेकॉर्डर उचलला. “इथलं रेकॉर्डिंग वस्तीचं. आधी सगळ्यांनी बसून ऐकायचं, असा नियम आहे आमचा.”

ऐकायला जमलेल्या सगळ्यांत नुकतेच पोचलेले सरही होते. विद्यार्थिनीचं कौतुक बघायला ते मुद्दाम आले होते, आणि येताना तिच्या बाबांनाही गाडीतून घेऊन आले होते.

स्पीकर चांगला खणखणीत होता. पंख्यांचं वाक्य आलं तसे सर खिडकीबाहेर बघू लागले.

“अर्ज केलाच नाहीस?” बाबांनी विचारलं.

“नाही, बाबा. करणारही नाही.” तिचा चेहरा लाल झाला होता, पण आवाज हलला नाही.

अध्यक्षबाईंनी स्पीकर बंद केला. “शेवटचा प्रश्न. ही मुलाखत आम्ही बाहेर नेऊन छापली तर चालेल?”

आता ‘हो’ म्हटलं की काम मिळेल, हे तिला दिसत होतं. “नाही,” ती म्हणाली.

“आधीचे पाहुणे आमचं बोलणं छापून मोकळे झाले. आम्हाला कुणी विचारलं नाही,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “हिला ‘नाही’ म्हणता येतं, म्हणजे आमचं ‘नाही’ही ऐकू येईल. उद्यापासून ये गं.”

बाबा आजीशेजारी खुर्चीत टेकले. “बघा ना, लहानपणापासून ऐकत म्हणून नाही ही माझं.”

“मग?” आजी म्हणाली.

बाबा बोलू लागले. चौकशीने पुढे होऊन रेकॉर्डर बंद असल्याची आधी खात्री करून घेतली.