आधी जीव, मंग शर्यत

दौलतकाका माणसांशी वऱ्हाडीत बोलत आणि इंजिनाशी हिंदीत. "चल बेटा, आगे बढ!" असं चुचकारत. कारण विचारलं की म्हणत, "विलायती मशीन हाये ते. त्याले आपली बोली कुठं समजते?"

ढाणकीत त्यांचं कापडाचं दुकान आमच्या घराला लागून होतं. साठ सालच्या आसपास त्यांनी शेतातलं पाणी ओढायचं इंजिन एका डोंग्यावर बसवलं, मागे पंखा लावला आणि तो पैनगंगेत सोडला. धोतर, कोट, काळी टोपी अशा थाटात काका सुकाणू धरत. त्यांचं पाहून आणखी तिघाचौघांनी डोंगे सजवले, आणि दिवाळीनंतर शर्यती सुरू झाल्या. अख्खा गाव काठावर जमे.

एका शर्यतीत रहीमभाई टेलर वळणावर पाण्यात फेकले गेले. त्यांचा रिकामा डोंगा गरगर फिरत त्यांच्याच अंगावर येऊ लागला. काका सगळ्यांच्या पुढे होते. त्यांनी डोंगा मागे वळवला आणि रहीमभाईंना कॉलर धरून वर ओढलं.

तहसीलदारांनी शर्यतींवर बंदी घातली. काका तडक उमरखेडला तहसील कचेरीत पोचले.

"बंद काहून करता साहेब? नियम करा ना."

"पाळणार कोण?"

"मी पाळवतो. आधी जीव, मंग शर्यत."

साहेबांना त्यांनी घाटावर आणलंच. छातीला दोन सुके भोपळे, मनगटाला दोरी, आणि दोरीचं दुसरं टोक इंजिनाच्या प्लगच्या वायरला. भर वेगात काकांनी कोट-टोपीसकट उडी मारली. हिसका बसून वायर निसटली, इंजिन गप्प. टोपी वाहून गेली, काका भोपळ्यांवर तरंगत ओरडले, "पाह्यलं का साहेब? माणूस पडला तं मशीन बी थांबते!"

साहेबांना हसू आवरेना. एका सालापुरती परवानगी मिळाली.

पहिल्याच शर्यतीआधी काकांनी सगळ्यांचं सामान तपासलं. त्यांच्याच एका भोपळ्याला चीर निघाली. "दौलतराव बाद!" असं मोठ्यानं जाहीर करून ते स्वतःच काठावर येऊन बसले. मग नवा नियम निघाला: दर रविवारी सगळ्यांनी भोपळे त्यांच्या घरी दाखवायला आणायचे.

परवानगी दरसाल वाढवून मिळत गेली आणि शर्यती आणखी दोनतीन वर्षं चालल्या. पुढे गावात विहिरी वाढल्या, इंजिनं शेतात गेली, डोंगे काठावर पालथे पडले. तरी एका रविवारी रहीमभाई बगलेत भोपळे घेऊन काकांच्या दाराशी दिसले.

"आता कशाला, रहीमभाई?" मी विचारलं.

ते हळूच म्हणाले, "काकू गेल्या, पोरगी सासरी. घरात बोलाले कोणी नाही. आम्ही येतो म्हणून सकाळपासून कपबश्या मांडून बसते बिचारा."

काकांनी भोपळे उलटेपालटे करून पाहिले, चहाचा कप पुढे सरकवला आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "सध्या तं ठीक दिसतात. पण भरोसा नाही. पुढच्या रविवारी घेऊन या."