चावलेलंच अंगी लागतं

बुधाजी भेटला की रामराम करत नाही, जयभीम नाही, नमस्कार नाही. तो सरळ तुमचा दंड धरतो. बाजारात बाया वांगी दाबून बघतात तसा दाबतो, डोळे बारीक करतो आणि निकाल देतो, "मऊ हाय." आमच्या कचेरीत नवे साहेब आले तेव्हा त्यांचाही दंड त्याने पहिल्याच सकाळी धरला. साहेबांना वाटलं, शिपायाचं काहीतरी गाऱ्हाणं असेल. ते म्हणाले, "बोला." बुधाजी म्हणाला, "बोलायचं काय साहेब, चने खावा."

माझा दंड पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा तर त्याने निकालही दिला नाही. नुसतं "अरेरे" म्हणाला आणि दंड होता तिथे परत ठेवला.

मी शहापूरला कारकून आहे, राहायला सापगावात. वय त्रेचाळीस, काम बसून, आणि पोट असं की मी दारातून आत येण्याआधी ते येऊन पोचतं. बुधाजी त्याच कचेरीत शिपाई. पन्नाशी ओलांडलेला, अंगाने काटकुळा. घर उंबरमाळीच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या पाड्यावर. स्टेशनापासून तासाभराची चढण, आणि तीही पायवाट. घरात माणसं दोन, तो आणि त्याची आई. बायको फार वर्षांपूर्वी गेली, मूलबाळ नाही.

आईचे गुडघे कामातून गेलेले. रक्तदाबाचं दुखणंही आहे, त्यामुळे महिन्यातून एकदा तिला शहापूरच्या दवाखान्यात दाखवावं लागतं. खाली राहायला यायचं नाव काढलं की म्हातारी विचारते, "न् कोंबड्या कोन राखल?" पाड्यावरचे तरणे सगळे कामाला बाहेर. मग बुधाजीच तिला लुगड्याने पाठीशी बांधतो आणि डोंगर उतरतो. गाडीने आसनगाव, पुढे रिक्षा, आणि संध्याकाळी पुन्हा तसंच वर.

मागे एकदा कचेरीत तपासणी शिबिर झालं. तिथल्या तरुण डॉक्टरने सगळ्यांना समजावलं की पन्नाशीनंतर हातापायांचे स्नायू झडायला लागतात, म्हणून प्रोटीन खा. आम्ही सगळे माना हलवून वडापाव खायला गेलो. बुधाजी तेवढा माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. "भाऊसाब," तो म्हणाला, "माझं मास झडलं तं आयला कोन उतरवल?" त्या दिवसापासून तो प्रोटीनच्या मागे हात धुऊन लागला.

त्याच सुमारास माझ्याही डोक्यात शरीर कमवायचं खूळ शिरलं. कारण सांगायला लाज वाटते. मुलीच्या शाळेत पालकांची रस्सीखेच होती. मास्तरांनी मला सगळ्यांत शेवटी उभा करून दोर कमरेला बांधला. त्यांना वाटलं, याचं वजन उपयोगी पडेल. वजन पडलं, उपयोगी मात्र पडलं नाही. मैदानभर फरफटत गेलेल्या बापाकडे बघून मुलगी दोन दिवस बोलली नाही. मग मी एसटी स्टँडाजवळच्या जिममध्ये नाव घातलं आणि एक भलामोठा डबा विकत आणला. डब्यावर मान नसलेल्या माणसाचं चित्र होतं. आतली भुकटी दुधात घुसळून प्यायची. मी आठवडाभर प्यालो. मान होती तिथेच राहिली, पण घरात माझ्याजवळ कोणी बसेना. सुजाता, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "ताकद वाढतेय खरी. ऐकू येतंय."

तो डबा बुधाजीला माझ्या खणात सापडला. त्याने वास घेतला, बोटाने चाखून बघितलं. "बारक्या पोराची भुकटी हाय ही," तो म्हणाला. मग त्याने मला आपला सिद्धान्त सांगितला. "पिलेलं मुतून जातं, भाऊसाब. चावलेलंच अंगी लागतं. म्हशीला बघा, दिवसभर चावते."

"म्हशीला दंड कुठे असतात?"

"उचलून बघा," बुधाजी म्हणाला.

असा मी त्याच्या तालमीत दाखल झालो. सकाळी मूठभर भिजवलेले चणे. एकेक चणा बत्तीस वेळा चावायचा, आणि तो समोर उभा राहून मोजणार. मध्ये बोललो तर पुन्हा पहिल्यापासून. साहेबांनी हाक मारली तरी मी विसाव्या चावण्यावर असलो तर उत्तर देता येत नसे. अकरा वाजता उकडलेले कुळीथ. हे घोड्यांना घालतात. घोडा ते खाऊन धावतो, मी खिडकीजवळची जागा मागून घेतली. दुपारी वालाचं बिरडं नाहीतर सुकट, चार वाजता शेंगदाणे. कपाटामागे दोघांच्या बैठका. त्याच्या वीस होईपर्यंत माझ्या चार व्हायच्या, आणि त्यातल्या दोन बसण्यातच जायच्या.

सुकट घ्यायला तो एकदा आमच्याबरोबर मुरबाडच्या बाजाराला आला. सुजाताचं माहेर तिथलंच. "नुसती डोकीच हायत गो, अंग कुठं हाय?" म्हणून सुकटवालीशी अर्धा तास भांडला. मग सासुरवाडीला येऊन माझ्या सासऱ्यांचा दंड धरला. सासरे पंचाहत्तरीचे, जन्मभर शेतात राबलेले. बुधाजीचा चेहराच उजळला. "घट्ट हाय! बाबा, काय खाता काय तुमी?"

"खायचं काय? भात न् वाल," सासरे म्हणाले, आणि माझ्याकडे बघत पुढे म्हणाले, "पन खाऊन झालं का मी उठतो."

या सगळ्यावर कळस म्हणजे रोज दुपारी एक उकडलेलं गावठी अंडं. ते बुधाजीच्या डब्यातून यायचं. डबा उघडला की तो आधी भात बाजूला सारायचा आणि अंडं काढून माझ्या ताटलीत ठेवायचा.

"तुम्ही घ्या ना, बुधाजीदादा."

"माझं झालंय. घरी दोन खाऊन आलोय."

मी खाईपर्यंत तो बघत बसायचा. मग डबा घासूनपुसून लख्ख करून पिशवीत ठेवायचा. मला खात्रीच पटली होती की याला माझ्यात काहीतरी दिसलंय. एवढी माणसं कचेरीत, आणि अंडं रोज मलाच! घरी आरशासमोर मी दंड फुगवून उभा राहायला लागलो. सुजाता मागून म्हणायची, "श्वास सोडा आता, पडाल."

बुधाजीला आरशाची गरज नव्हती. त्याची ताकद मोजायचं माप म्हणजे त्याची आई. डोंगर उतरताना पूर्वी तिला पाच ठिकाणी खाली टेकवून दम घ्यावा लागायचा. चणे-कुळीथ सुरू झाले आणि पाचाचे चार झाले. दवाखान्याच्या दुसऱ्या दिवशी तो कचेरीत शिरतानाच ओरडायचा, "ह्या टायमाला आंब्याखाली टेकलो नाय!" मग सगळे त्याच्या पाठीवर थापा मारायचे. पुढे साहेबसुद्धा विचारायला लागले, "बुधाजी, किती?" थंडी सरता सरता एकच जागा उरली, मोठ्या धोंड्याची. एप्रिलात तो म्हणाला, "एक पन नाय." त्या दिवशी मी अख्ख्या कचेरीला चहा पाजला. बुधाजी चहा न घेता टेबलं पुसत राहिला. मी सगळ्यांना सांगितलं, बघा, खऱ्या पैलवानाची नम्रता.

मे महिन्यात त्याचा फोन आला. पाय मुरगळला होता, सुजून भोपळा झाला होता. "सोमवारी आयची तारीख हाय," तो म्हणाला. गोळ्या संपलेल्या, आणि तपासल्याशिवाय पुढच्या मिळणार नव्हत्या.

"मी आहे ना," मी म्हणालो.

सुजाता तोंडाला पदर लावून हसली. "गॅसचं सिलिंडर दारातून ओट्यापर्यंत नेताना तुम्ही दोनदा बसता." पण निघताना तिने पाण्याच्या तीन बाटल्या दिल्या.

वर जाताना बुधाजीच्या पाचही जागांवर मी टेकलो आणि माझ्या स्वतःच्या चार नव्या शोधून काढल्या. पाड्यावर पोचलो तेव्हा म्हातारी दारातच बसली होती. एवढीशी, तोंडाचं पूर्ण बोळकं. माझ्याकडे नीट बघून तिने आत हाक मारली, "बुध्या, ह्यो मला नेल, का मी ह्याला नेऊ?"

बुधाजी लंगडत आत दवाखान्याचे कागद शोधत होता. म्हातारीपुढे ताटलीत भात होता आणि वर एक सोललेलं अंडं. शेजारी बुधाजीचा डबा, दिवसभरासाठी भरून ठेवलेला. तिने एकदा आत बघितलं, झटकन अंडं उचललं, डब्यात टाकलं आणि वर भात लोटला. मग मी बघतोय हे तिच्या लक्षात आलं.

"मला दात नायत," ती हळूच म्हणाली. "त्याला मला उचलायचं असतंय ना. रोज घालते. तू बोलू नको त्याला."

सहा महिने मी रोज दुपारी बत्तीस वेळा चावून जे खात होतो, ते या म्हातारीच्या ताटातलं होतं. मी मेल्याहून मेल्यासारखा झालो. मान हलवली.

बुधाजीने तिला माझ्या पाठीशी बांधलं. मी पाय रोवले, छाती भरून घेतली आणि सगळा जोर लावून उठलो. जोर इतका जास्त झाला की पुढे तोंडावर पडता पडता वाचलो. पाठीवर काही आहे असं वाटतच नव्हतं. आणि मी किती मूर्ख बघा, मला पहिल्यांदा आनंद झाला. वाटलं, लागले कुळीथ अंगी! फुशारकीने मी बुधाजीकडे बघितलं. त्याने तोंड दुसरीकडे फिरवलं.

आम्ही उतरायला लागलो. काठी टेकत तो माझ्या मागून येत होता. आंबा गेला, ओहोळ गेला, मी थांबलो नाही. म्हातारीला डुलकी लागली तशी तो जवळ आला.

"हलकी हाय ना?" त्याने हळू विचारलं.

मी पाठीवरचं लुगडं सारखं केलं.

"डाक्टरीनबाईंनी काट्यावर उभी केलती, तवाच बोलल्या, वजन उतरत चाललंय. तीन म्हयनं झालं."

"मग कचेरीत तुम्ही सांगत होतात, टेकलो नाही, टेकलो नाही..."

"मंग काय सांगू? सगली इचारायची, किती, किती. आय संपत चाललीय, असं सांगू?"

पायाखालचे दगड बघत मी चालत राहिलो. मग न राहवून म्हणालो, "बुधाजीदादा, ते अंडं..."

"ठाव हाय मला. डब्यात घालते ती. परत तिच्या ताटात ठेवलं तं रुसते, जेवतच नाय. डबा रिकामा नेला तं बुध्याच्या अंगी लागलं म्हून खूश होते, दोन घास भात तरी खाते." तो जरा थांबला. "पन तिच्या तोंडचं अंडं माझ्या घशाखाली उतरत नाय. टाकवत पन नाय. म्हून तुमाला द्यायचो."

"म्हणजे माझ्यात तुम्हाला काही दिसलं-बिसलं नव्हतं?"

"तुमी काय पन खाता," बुधाजी म्हणाला.

तेवढ्यात म्हातारी जागी झाली. माझ्या कानाशी तोंड आणून तिने विचारलं, "काय रं, जड हाय ना मी?"

आयुष्यभर मी नसलेली ताकद दाखवत आलो. असलेली लपवायची वेळ पहिल्यांदाच आली होती.

"जाम जड," मी म्हणालो आणि जोरात धापा टाकायला लागलो.

"बघ! बुध्याला सांगते, खाते मी, तं त्याला खरं वाटत नाय."

"टेका भाऊसाब, टेका," बुधाजी मागून म्हणाला. "दमलाव तुमी. जड हाय ती."

मोठ्या धोंड्यापाशी आम्ही तिला खाली टेकवलं. घाम खरा होता, धाप खोटी होती. म्हातारी आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत होती. मग तिचा चेहरा काळजीत पडला. "लय जड झाले का रं? मंग कमी खाऊ का?"

"नाय गो आये," बुधाजी म्हणाला. "अजून जड हो."

त्याने पिशवीतून डबा काढला, भाताखालचं अंडं काढलं, बोटांनी बारीक कुस्करून भातात कालवलं आणि घास तिच्या तोंडापुढे धरला. तिने माझ्याकडे रागाने बघितलं. चुगली मीच केली असं तिला वाटलं असणार. मी मान खाली घातली. बुधाजीचा हात तसाच पुढे होता. शेवटी तिने तोंड उघडलं.

खाली उंबरमाळीला गाडी आली आणि गेली. आम्ही कोणीच उठलो नाही.