चुन्नीलालच्या गाडीला आवतन

पोळ्याच्या आदल्या दिवशी चुन्नीलालनं आपल्या मोटारीचं बोनेट, बैलांचे खांदे शेकतात तसं, तूप-हळदीनं शेकायचं ठरवलं, आणि तिथूनच सगळं सुरू झालं.

तुम्ही म्हणाल, पोळा बैलांचा, त्यात मोटारीचं काय काम? पण कुडव्याच्या या गृहस्थाकडे आता बैल उरलेच नव्हते. शेत ठेक्यानं दिलेलं, पोटापाण्याला बी-बियाण्याचं दुकान, आणि दारात पांढरी मोटार. बापाच्या हाताखाली लागलेली सवय मात्र कुठं जाणार? त्यानं बोनेटला शेक दिला, हात जोडले आणि 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या' असं रीतसर म्हटलं. दुसऱ्या दिवशी बोनेट उघडून इंजिनशेजारी पुरणपोळीही ठेवली. (एक नाही, दोन. पाचजणांना ओढणारं जनावर, त्याची भूक मोठी.)

"अजी, पोळी कायले चारता तिले? सर्व्हिसिंगले न्या ना!" बायको शामकला म्हणाली.

"बाबाच्या धवऱ्या बैलानं जलमभर वखर ओढला. तो कोनत्या सर्व्हिसिंगले गेला होता?"

"त्याले नाल तरी ठोकत होते ना!"

चुन्नीलाल फडकं घेऊन गाडी पुसायला लागला.

पुसण्यात त्याचा हात धरणारा अख्ख्या कुडव्यात कोणी नव्हता. काचा लखलख, टायर काळेभोर, पुढं लिंबू-मिरची ताजी. पण ऑइल नावाचा पदार्थ बदलावा लागतो, हे त्याला मान्य नव्हतं. ("चांगलं आहे ते, कायले फेकाचं?") मध्यंतरी स्टिअरिंगमागचा एक लाल दिवा सारखा पेटून राहायला लागला. चुन्नीलालनं शामकलाच्या पाकिटातली मोठी टिकली काढली आणि त्यावर चिकटवून दिली. दिवा दिसेनासा झाला. त्याच्या हिशेबी गाडी दुरुस्त झाली.

दिवाळीनंतर मात्र गोष्ट पोरीच्या, रुचीच्या, लग्नावर आली. नवेगाव बांधचं स्थळ सांगून आलं होतं. मुलगा हेमेंद्र, घरची धानाची शेती, शेतकी कॉलेजात शिकलेला. रुचीही त्याच कॉलेजातली, आणि तिचं मन आधीच तिकडं बसलेलं. हे शामकलाला ठाऊक होतं. चुन्नीलालला वाटत होतं, स्थळ आपणच शोधून काढलं.

रीतीप्रमाणे घर पाहायला मोठ्यांनीच जायचं. पण रुची अडून बसली.

"घरात मले राहाचं आहे, बाबा. मी येतो." आणि हळूच म्हणाली, "त्याच्याआधी गाडी तेवढी मेकॅनिकले दाखवून घ्या."

"दाखवाले काय झालं? चकाचक तं आहे!"

तिघं नवेगावला निघाली. कोहमारा मागे पडलं, जंगल सुरू झालं आणि एसीतून गरम वारा यायला लागला.

"गाडी तापून राहिली जी," शामकला म्हणाली.

"थंडीचे दिवस आहेत, बरं वाटते."

"जळक्याचा वास येऊन राहिला."

"दिवा लागला का? नाई ना? मंग!"

"दिव्यावर माही टिकली लावून ठेवली, तं कुठून दिसन?"

तेवढ्यात बोनेटमधून भसाभसा वाफ निघाली आणि गाडी सागाच्या झाडाखाली गप्प झाली. थोड्या वेळानं चुन्नीलालनं बोनेट उघडलं. बाप्पा बाप्पा! आत तणसाच्या काड्यांचं गुबगुबीत घरटं. पोळ्याचं आवतन उंदरांनी घेतलं होतं, आणि जेवण पसंत पडल्यावर मुक्कामच ठोकला होता. वर तोंडी लावायला पाण्याचा पाइप कुरतडला होता. कोण्या मेकॅनिकनं बोनेटखाली नुसतं डोकावलं असतं, तरी पहिल्याच महिन्यात दिसलं असतं.

रुचीच्या डोळ्यांत पाणी आलं. "पहिल्याच दिवशी असं, बाबा. ते लोक काय म्हनतीन?"

पोरीपुढे चुन्नीलालला कधी इतकं ओशाळवाणं झालं नव्हतं. तेवढ्यात मुलाच्या वडिलांचा, बकारामजींचा फोन आला.

"कुठवर आले जी?"

"बस, पोहोचलोच समजा!" चुन्नीलाल वाफेतून ओरडला.

रुचीनं फोन हिसकावून घेतला आणि खरं ते सांगून टाकलं.

अर्ध्या तासात ट्रॅक्टर आला. चालवायला खुद्द हेमेंद्र, बाजूला बकारामजी, मागे ट्रॉलीत दोर. रुची आणि शामकला ट्रॉलीत बसल्या. ट्रॉलीला दोरानं बांधलेल्या मोटारीत चुन्नीलाल एकटा, मेलेल्या इंजिनामागं स्टिअरिंग धरून. नवेगावात वरात शिरली तेव्हा माणसं ओट्यांवर येऊन उभी राहिली. कोणी बाजूला होईना, म्हणून चुन्नीलालनं सवयीनं हॉर्न दिला. (हॉर्न उत्तम होता.) त्यानं आणखी माणसं जमली.

घरी चहा झाला, चिवडा झाला. मुलाची आई मंदाबाई पदराआड हसू दाबत होती. माझ्या मूर्खपणापायी पोरीचं जुळता जुळता मोडलं, एवढंच चुन्नीलालच्या डोक्यात घुमत होतं.

बकारामजींनी कप खाली ठेवला. "विचारा जी आता, आमच्या पोराले काय विचाराचं ते."

चुन्नीलालनं घसा खाकरला, पण रुचीच पुढं झाली. हेमेंद्रकडे सरळ पाहत म्हणाली,

"ट्रॅक्टरचं ऑइल कवा बदललं होतं?"

हेमेंद्र म्हणाला, "धानाच्या रोवनीच्या आधी. आता मळनीच्या आधी पुन्हा बदलतो."

"मंग मले पसंत आहे."

"आमाले तं फोनवरच पसंत पडली होती," बकारामजी खदखदून हसले. "खरं बोलनारी पोरगी आहे!"

चुन्नीलालच्या छातीवरचा धोंडा उतरला आणि जिभेला पुन्हा धार आली. "अवं, पन नवरदेवाले असं कोनी विचारते का? तुह्या मायच्या घरच्यायनं मले विचारलं होतं का असं काई?"

शामकलानं चिवड्याची प्लेट खाली ठेवली.

"तेच तं चुकलं ना जी!"