किसनरावांची मांडुळं

देऊळघाटला माझी बदली झाली, तेव्हा शेजारचे किसनराव मला घरच्यांची ओळख करून द्यायला घेऊन गेले. आत रेती भरलेली लाकडी खोकी ओळीनं मांडलेली. "ही थोरली सून. हा जावई, थोडा बुजरा आहे." रेतीतून एक बोथट तोंड वर आलं. ती सगळी मांडुळं होती. मी चहा न घेताच परतलो.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा दोनेक वर्षं झाली असतील. किसनराव गुरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करत. बायको वारलेली. पिंजऱ्यात सापडलेला उंदीर लोक त्यांच्या दाराशी ठेवून जात आणि किसनराव म्हणत, "आहेर आला."

वेड होतं ते रंगाचं. मांडुळाची पिल्लं केशरी जन्मतात आणि वाढता वाढता मातकट होतात; त्यांना मोठेपणीही केशरी राहणारं मांडूळ हवं होतं. कुठल्या नराला कुठली मादी द्यायची, हे किसनराव भिंतीवर खडूनं मांडून ठरवत. "याचा बाप मातकट, मास्तर. इथं पोरगी नाई देत आपण."

बारा वर्षं हा संसार चालला होता. त्या श्रावणात एका मादीला सात पिल्लं झाली. त्यातल्या एकीच्या अंगावर पांढरेशुभ्र ठिपके होते. किसनराव चार दिवस कामावर गेले नाहीत. खोक्यापाशी बसून राहिले.

पुढे ज्वारीच्या काढणीत एका मजुराला घोणस चावली. संध्याकाळपर्यंत तो गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी पंधरा-वीस माणसं काठ्या घेऊन किसनरावांकडे आली.

"मांडुळाले इख नसते," किसनरावांनी खोक्यात हात घालून दाखवला. "पाहा, काही करत नाई."

"त्याले मंतर येते, त्यानंच घोणस धाडली," कुणीतरी म्हणालं. मग त्यांना बाजूला ओढलं आणि काठ्या खोक्यांवर पडल्या.

मी माझ्या दारात उभा होतो. पुढे गेलो नाही.

दुपारी परसात आम्ही दोघांनी खड्डा खणला. ठिपकेवाली मी उचलली, तर त्यांनी ती माझ्याकडून घेतली आणि धोतराच्या सोग्यानं पुसली.

"माही लेक सुमन अशीच जन्मली होती," ते म्हणाले. "अंगावर पांढरे डाग. लोक म्हनत, मायनं ग्रहण पाह्यलं. सासरच्याइनं पंधरा दिवसांत आणून घातली. आता उंद्रीले मामाच्या घरी राह्यते. सहा वर्षं झाली, खोलीच्या बाहेर येत नाई. तिले दाखवाची होती."

रविवारी मी त्यांच्यासोबत उंद्रीला गेलो. खोलीचं दार बोटभर उघडलं.

"सुमन, एक मांडूळ जन्मलं. अगदी तुह्यासारखं."

मग आतून, "आहे?"

"आहे. मोठं होऊन राह्यलं."

"खरं?" हे मला होतं.

"मी हातात घेतलंय," मी म्हणालो. "सुंदर आहे."

फट जराशी रुंदावली. "खाते काय ते?"

किसनराव उंबऱ्याशी बसले आणि त्या मेलेल्या पिल्लाची भूक तिला सावकाश सांगू लागले.