देवराव कंपाउंडरची आजारी डिश

देवराव कंपाउंडरांनी इंटरनेटच्या राउटरला स्टेथोस्कोप लावलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे. गंमत म्हणून नव्हे. कानात नळ्या घालून, डोळे मिटून ते चांगली दोन मिनिटं उभे होते. मग नळ्या गळ्यात टाकत मला म्हणाले, "पोट साफ हाये, भाऊ. दुखनं वर हाये."

मी अकोल्याचा. लोकांच्या छतावर डिश बसवणं हा माझा धंदा. आधी टीव्हीच्या बसवायचो, आता उपग्रहावरून इंटरनेट घेणाऱ्याही बसवतो. देवरावकाका हे बार्शीटाकळीच्या पलीकडचं माझं गिऱ्हाईक. त्यांचं गाव डोंगराच्या खोलगटात, तिथं मोबाइलला रेंज नाही. फोन करायचा तर गावाबाहेरच्या पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर विसाव्या पायरीवर उभं राहावं लागतं. एकोणिसावीवर नुसती खरखर येते.

काका जन्मभर गुरांच्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. रिटायर झाले, पण दवाखाना काही अंगातून गेला नाही. त्यांच्या घरात वस्तू बिघडत नाहीत, आजारी पडतात. विहिरीवरची मोटर लंगडते. स्कूटर खोकते. मिक्सरचं पोट फुगतं, त्याला आफरा येतो. त्यांच्या पत्नी शांताकाकू सांगतात, "मले ताप आला त हे कपायाले हात नाही लावत. पहिले माहे कान पाह्यतात, गरम हायेत का थंडे."

काकांचं एक वाक्य ठरलेलं. "मुकं जनावर हाये, भाऊ. त्याले ईचारून नाही समजत, त्याच्यापाशी बसून समजते." हे ते गाईबद्दल म्हणत, तसंच पंख्याबद्दलही म्हणत.

अशा माणसाला उपग्रहाचं इंटरनेट कशाला हवं, हे गावाला कोडं होतं. कुणी म्हणे शेअर बाजार, कुणी म्हणे क्रिकेट. मी विचारलं तेव्हा काका म्हणाले, "हवामान पाह्याले." आणि खरंच मोबाइलवर हवामान पाहत. मग अंगणात येऊन आभाळाकडे बघत आणि मान हलवत. "त्याले काय समजते!"

तर हीच डिश एप्रिलच्या ऐन उन्हात बंद पडली. मला फोन आला. पाठीमागे वारा घोंघावत होता, म्हणजे काका विसाव्या पायरीवर होते.

"भाऊ, डिश कालपासून वैरन खाऊन नाही राह्यली."

"म्हणजे काय झालं, काका?"

"सकायी बरी होती. दुपारून सुस्तावली. मंग जे बसली ते बसलीच. ताप नाही, मी हात लावून पाह्यला."

मी नेहमीचं औषध सांगितलं. वायर काढा, दहा मिनिटं थांबा, पुन्हा लावा.

"थे केलं. दोन घंटे उपाशी ठेवली. हगवनीवर आमी तेच करत होतो. हगवन असती त थांबली असती. हे दुसरं काही हाये."

त्याआधी त्यांनी कंपनीलाही फोन लावला होता. तिथल्या मुलीनं अतिशय गोड आवाजात सांगितलं, सर, आमच्या ॲपमध्ये जाऊन तक्रार नोंदवा. काका म्हणाले, "बाई, ॲप नेटवर चालते अन् नेट बंद हाये. जिचं तोंडच उघडून नाही राह्यलं, तिले तोंडानं औषध कसं पाजू?" त्यावर तिनं होल्डवर ठेवलं. सनई वाजत राहिली. काकांनी टाकीच्या जिन्यावर उभं राहून पाऊण तास सनई ऐकली आणि खाली उतरले.

मी 'येतो' म्हटलं, पण बाळापूरला कामं निघाली. दुसऱ्या दिवशी फोन, तिसऱ्या दिवशी फोन, चौथ्या दिवशीही. प्रत्येक फोनला त्या गुडघेदुखीच्या माणसाला वीस पायऱ्या चढायला लागत होत्या, हे माझ्या डोक्यात आलं नाही असं नाही. आलं, आणि मी ते बाजूला सारलं.

पाचव्या दिवशी दुपारी गेलो. काका फाट्यावर लिंबाखाली वाट पाहत उभे होते. रागवले नाहीत. गाडीवर मागे बसले आणि घरापर्यंत रोगाचा इतिहास सांगत आले. मग तो स्टेथोस्कोप झाला.

राउटर ठीक होता. वीज ठीक होती. ॲप म्हणत होतं, डिश सापडत नाही. छतावर चढलो तर स्लॅब असा तापलेला, की चपलेतून पाय भाजावा. डिश होती तिथं होती, आडवं झाड नाही, काही नाही. खरं सांगतो, त्या उन्हात मला फार डोकं चालवायचं नव्हतं. मी खाली येऊन पाणी प्यायलो आणि निकाल दिला, "मशीनच गेली, काका. नवी मागवावी लागेल. पंधरा दिवस धरा."

काकांचा चेहरा पडला. शांताकाकूंनी माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे पाहिलं.

"वायर पाह्यली का?" काकांनी विचारलं.

"वरून पाहिली ना."

"वरून पाह्यली! चाला बरं."

गुडघ्यावर हात दाबत ते शिडी चढले. डिशपाशी खाली बसले, केबल दोन बोटांत धरली आणि बैलाच्या पायाचं हाड चाचपावं तसे एकेक वीत पुढे सरकू लागले. कठड्यापाशी थांबले. तिथं केबलवर गोणपाट गुंडाळलेलं होतं, वर सुतळीच्या नेटक्या गाठी.

"हे कुणी केलं?" मी विचारलं.

"मी. उन्हानं कातडं तडकू नये म्हनून पट्टी बांधली होती."

त्यांनी गाठ सोडली, गोणपाट अलगद उघडलं आणि तसेच थबकले. आत कापसाचं मऊ घरटं होतं. घरट्यात खारीची तीन पिल्लं, करंगळीएवढी, डोळेसुद्धा न उघडलेली. आणि घरट्याच्या बुडाशी केबल कुरतडून आतल्या तारा उघड्या पडलेल्या.

काकांनी कुरतडलेल्या जागेशी बोट नेलं. मग म्हणाले, "माह्याच पट्टीखाली जखम चिघळली, भाऊ." आणि त्यांनी गोणपाट होतं तसं झाकून टाकलं.

"अहो, केबल बदलायची तर हे काढावं लागेल."

"खार बायतीन हाये. नाही काढत. दुसऱ्या बाजूनं घ्या."

माझ्या डिकीत एक केबल होती, पण आखूड. दुसऱ्या बाजूनं घेतली तर ती घरात पोचत नव्हती. मी म्हटलं, लांब केबल अकोल्याहून आणतो, आठवडाभरात येतो. काकांनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. चार वाजले होते.

"पाच वाजेपर्यंत काहीच नाही होनार का?"

या माणसानं पाच दिवसांत मला एकदाही 'लवकर करा' म्हटलं नव्हतं. त्यांचा आवाज ऐकून मी पुन्हा कठड्यावरून खाली वाकून पाहिलं. त्या बाजूला गोठा होता.

"गोठ्यापर्यंत पुरेल," मी म्हणालो.

"मंग गोठ्यात सोडा."

अशा रीतीनं उपग्रहाचं इंटरनेट गव्हाणीच्या वरच्या फळीवर उतरलं. शेजारी कडब्याची पेंढी, खाली ढवळी गाय. राउटरचा दिवा आधी लुकलुकला, मग स्थिर झाला. मी 'आलं!' म्हणून ओरडलो, पण काका जागेवर नव्हते. पाचला दहा कमी असताना ते आले, धुतलेला पांढरा सदरा घालून, ओले केस चापून बसवून. हातात टॅब. तो त्यांनी फळीला टेकवला आणि फोन लावला.

पडद्यावर एक बाई आली. "काका! अहो, पाच दिवस झाले. पाच वाजले की बाबा टॅबकडं तोंड करून बसतात. चहासुद्धा घेत नाहीत."

तिनं टॅब वळवला. खुर्चीत एक म्हातारे गृहस्थ बसले होते. उजवा हात मांडीवर निर्जीव, तोंड एका बाजूला ओढलेलं.

शांताकाकू माझ्या शेजारी उभ्या होत्या. हळूच म्हणाल्या, "दवाखान्यातले डॉक्टरसाहेब. बावीस वर्सं दोघं संगं होते. आता अमरावतीले, राजापेठेत, लेका-सुनेकडं राह्यतात. अर्धांगवायू झाला तवापासून बोलता नाही येत. हे महिन्यातून एकदा एसटीनं जातात. पन महिना लय मोठा असते ना, भाऊ."

काका ताठ उभे राहिले. "साहेब, पाच दिवस गैरहजर होतो. चूक माही होती. पट्टी मीच बांधली होती."

मग त्यांनी पाच दिवसांचा दवाखाना सांगायला सुरुवात केली. कुणाची म्हैस व्याली, वार पडायला उशीर झाला, कुणाच्या गोऱ्ह्याच्या खुरात काटा गेला. मधेच थांबत, पडद्याकडे निरखून पाहत. साहेबांच्या डाव्या हाताची दोन बोटं हलली. मला त्यात काहीच दिसलं नाही.

"हो साहेब, कॅल्शियम द्याले सांगतलं," काका म्हणाले. पुन्हा बोटं हलली. "नाही, ताप नव्हता. कान पाह्यले."

तेवढ्यात ढवळीनं मान लांब केली, टॅब हुंगला आणि भल्या मोठ्या जिभेनं पडदा चाटून काढला.

"अवो ढवळे!" काका ओरडले. सदऱ्याच्या बाहीनं त्यांनी पडदा पुसला. पुसताना पलीकडून एक आवाज आला. घोगरा, अडखळता. साहेब हसत होते. अर्धं तोंड हलत नव्हतं, पण उरलेलं अर्धं मन लावून हसत होतं. खुर्चीत ते पुढे झुकले होते आणि डावा हात गाईच्या दिशेनं उचलला होता.

काकांना ते लगेच समजलं. त्यांनी टॅब ढवळीसमोर धरला. आधी डोळा दाखवला, मग ओठ वर करून दात, मग कास. साहेब एकेक पाहत होते आणि बोटानं 'पुढं' म्हणत होते. मी अवजारं गोळा करून बाहेर आलो. मला चहा द्यायचं त्या दिवशी कुणाला सुचलं नाही, आणि मलाही आठवण झाली नाही.

पुढच्या आठवड्यात मी लांब केबल घेऊन गेलो. म्हटलं, राउटर घरात नेऊन देऊ, बिचारे गोठ्यात किती दिवस उभे राहतील. काका दारात भेटले.

"राहू द्या, भाऊ. सूनबाई म्हने, साहेब आता चहा पुरा घेतात. त्याईले ढोरांत बरं वाटते."

मी केबल पुन्हा गाडीला बांधली. निघताना गोठ्यात डोकावलो. काकांनी ढवळीला फळीच्या अगदी समोर आणून बांधलं होतं. पाच वाजायला अजून अर्धा तास होता, आणि ते ओल्या फडक्यानं तिचं अंग पुसत होते.